ज्याचं त्याला

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा! शिंपीणबाईंची डावी चप्पल आमच्या पायरीवर. उजवी त्यांच्या दारात. म्हणजे सकाळी सकाळी दुसऱ्याची चप्पल हातात धरून माफी मागायला जायचं — या वयात. त्या म्हणाल्या, कुत्र्याला जरा वळण लावा. शाळेत माझा जन्म गेला माणसांच्या पोरांना वळण लावण्यात. त्यातलं एक पोर आज गावसमितीचं अध्यक्ष आहे, त्यावरून माझं यश कळतंच. आता कुत्र्याला काय लावू?

आणि कुत्रा माझा नाही. ह्यांचा आहे. नावही ह्यांनीच ठेवलेलं — मुकादम. रोज सकाळी दारोदार हजेरी घेत फिरतो म्हणून. मागच्या हिवाळ्यात हे गेले, मुकादम राहिला. उलट झालं असतं तर कोणाचीच तक्रार नव्हती.

५ नोव्हेंबर, बुधवार

डेअरीच्या भिंतीवरचा बातम्यांचा फळा माझ्याकडे असतो. अक्षर चांगलं ना! खडूही माझाच.

आजची बातमी: ‘नीटनेटकं गाव’ स्पर्धेत आपण उतरलो आहोत. परीक्षक पुढच्या शनिवारी येणार. तोपर्यंत दारात, अंगणात एकही जुनी वस्तू दिसता कामा नये. रविवारी शहराची कचरागाडी येईल, अडगळ तिच्यातच टाकावी. टेकडीमागच्या बंद खाणीत कोणी काही टाकू नये. हे शेवटचं वाक्य अध्यक्षांनी दोनदा वाचून दाखवायला लावलं. माणूस इतका बजावतो तेव्हा त्याचा स्वतःचा विचार काय आहे ते समजावं.

९ नोव्हेंबर, रविवार

गाडी आली, गावाच्या तोंडाशी उभी राहिली आणि रिकामीच गेली.

जाईल नाही तर काय! कोणाच्या घरातून काय निघतं ते बघायला अख्खं गाव गाडीभोवती जमलेलं. मग टाकणार कोण? आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून. शिंपीणबाई तर दुपारचं शिवणकाम सोडून येऊन उभ्या राहिल्या होत्या.

आणि तरीही दिवेलागणीला सगळी अंगणं लख्ख! सामान कुठे गेलं ते मला माहीत आहे. मीही गेले होते. खाणीच्या वाटेवर शिंपीणबाई रिकाम्या हाताने परतताना भेटल्या. म्हणाल्या, जरा पाय मोकळे करायला आले होते. मी पिशवी पदराआड घेत म्हटलं, मीही.

माझ्या पिशवीत ह्यांचे गमबूट होते. वर्षभर दाराशी तसेच उभे होते, चिखलासकट. शेतावरून आले की हे बांधावरच्या दगडावर बसून ते झटकायचे, मुकादम पायाशी. तिकडे मी परत पाऊल टाकलेलं नाही. पण घरात येता-जाता बूट दिसायचे आणि दर वेळी वाटायचं, आले वाटतं. आज टाकले. रडले नाही. घरी येऊन चहा ठेवला, तो दोघांचा झाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काय सांगावं! मुकादमने चोरी सोडली. आता तो परत करतो!

सकाळी डेअरीवाल्याच्या दारात त्याचीच मोडकी छत्री. शिंपीणबाईंच्या ओट्यावर त्यांचीच फाटकी उशी. दोन्ही खाणीतून आलेल्या. गावातली प्रत्येक चप्पल ज्याने तोंडात धरलेली आहे त्याला कुठली वस्तू कोणाची हे का विचारावं लागतं? गडी वासावर चालतो आणि बिनचूक पोचवतो. आमच्या टपालवाल्याने शिकावं.

गंमत म्हणजे तक्रार करायला कोणी पुढे येईना. तक्रार करायची तर वस्तू आपली म्हणावी लागणार! शिंपीणबाई उशी घेऊन माझ्याकडेच आल्या. ही तुमची तर नाही ना? उशीला त्यांच्याच ब्लाउजपिसांची झालर. मी म्हटलं, नाही हो, पण शिवण फार सुबक आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

समितीची तातडीची बैठक. विषय कुत्रा. खाणीचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. कुत्रा कुठून काय आणतो याची चौकशी नाही, फक्त आणतो कशाला एवढंच. ठराव झाला — मुकादमला टेकडीपलीकडच्या मेंढपाळाकडे द्यावं, शनिवारच्या आत.

अध्यक्ष म्हणाले, “बाई, तुमच्याही जिवाला तेवढाच आराम.”

मी म्हटलं, “न्या.”

म्हटलं मी. सगळ्यांसमक्ष. मग जाऊन तीच बातमी सुवाच्य अक्षरात फळ्यावर लिहिली. खडू दोनदा मोडला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सगळ्यांचं काही ना काही परत आलं. आमचं नाही. बरंच झालं. सकाळी पायरी बघितली. दुपारीही बघितली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मेंढपाळ आला आणि दोरी बांधून घेऊन गेला. मुकादमने एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही. मेला! मी निम्म्या वाटेपर्यंत गेले, बघतो की काय म्हणून.

वर्षभर म्हणत होते, हा गेला की घर कसं मोकळं होईल. झालं मोकळं. खायला उठलंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

परीक्षक आले. चष्मेवाल्या बाई आणि एक घामाघूम गृहस्थ. अध्यक्षांच्या अंगणात खुर्च्या, स्वागत, भाषण. “आमच्या गावात लपवण्यासारखं काही नाही,” इथपर्यंत भाषण आलं आणि फाटकातून मुकादम आत! गळ्यात कुरतडलेली दोरी, तोंडात एक मळकी रजई, स्वतःपेक्षा मोठी. ती फरपटत आणून अध्यक्षांच्या पायाशी ठेवली आणि शेपूट हलवत उभा राहिला.

अध्यक्ष घाईघाईने म्हणाले, भटका कुत्रा आहे, ही रजई बाहेरगावची असणार.

ओसरीवरून त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, “अरे, तुझीच की ती. मिसरूड फुटेपर्यंत भिजवायचास. मीच वाळत घालायचे.”

कोणी हसलं नाही. हसू दाबण्यात आमच्या गावाचा हात कोणी धरणार नाही. चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, आणली कुठून? जो तो आपापल्या चपला न्याहाळू लागला. मुकादम मात्र वळला आणि पुढचं काम असल्यासारखा खाणीकडे चालू लागला. परीक्षक त्याच्यामागे. त्यांच्यामागे आम्ही सगळे, वरातच ती.

खाणीत काय नव्हतं! गाद्या, बादल्या, पाळणे, आणि मागच्या स्पर्धेचा ‘उत्तेजनार्थ’ असा फलक. जो तो दुसऱ्याचं ओळखत होता, स्वतःचं कोणालाच ओळखू येईना. मी हळूच नजर फिरवली. ह्यांचे गमबूट नव्हते. नेले असतील कोणीतरी, चांगले होते. इतकं वाईट वाटलं की बाजूला जाऊन उभी राहिले. स्वतःच फेकलेल्या वस्तूसाठी!

परीक्षक जाताना म्हणाले, अंगणं मात्र स्वच्छ आहेत हो. ते गेल्याबरोबर सगळं गाव कुत्र्यावर उखडलं. खाण कुत्र्यानेच भरली म्हणायचं तेवढं राहिलं. अध्यक्षांनी शहरात फोन लावला. उद्या सकाळी कुत्री धरणारी गाडी येणार, थेट माझ्या दारात. मेंढपाळ वगैरे नाही, कायमचंच. मला म्हणाले, सकाळी बांधून ठेवा.

घरी आले तर मुकादम घरी नव्हता.

१६ नोव्हेंबर, रविवार

उजाडल्याबरोबर शोधायला निघाले. गाडीच्या आधी मला सापडायला हवा होता. सगळीकडे बघितलं, मग शेवटी बांधाकडे गेले.

तिथे होता. ह्यांच्या दगडाला टेकून. दगडापाशी गमबूट, दोन्ही, जोडीने. वर पाचोळा साचलेला, म्हणजे हे काम त्याने सगळ्यात आधी उरकलं होतं. ज्याचं त्याला.

मी पण बसले.

गाडी आली होती म्हणे. रिकामीच गेली. आम्ही घरी नव्हतो.