कुंतीच्या नावाची मिरची

१२ जुलै १९५७

पुन्हा! शाळेतून आली तीच दोन्ही हातांनी डोकं धरून. "आई, लातेत फेरमाल." डोकं दुखतं हेसुद्धा आता क्रेओलमध्ये सांगते. मग उलटी. मग भिंतीकडे तोंड करून पडली ती दिवेलागणीपर्यंत. सहा वर्षांची पोर! या वयात डोकं दुखतं का कोणाचं?

मी पाणी घेऊन वळते तर दारात कोण? जाऊबाई. कुंती. हातात खोबरेलाची वाटी. नेहमी तीच आधी. तिला बरं आधी कळतं!

१५ जुलै

चंद्रिकेला घेऊन रोझ हिलच्या डॉक्टरकडे गेलो. बसमध्ये ओकली, सगळं लुगडं भरलं. डॉक्टरनं डोळ्यांत दिवा धरला, गुडघ्यावर ठोकलं, जीभ पाहिली. "पेना नान्ये, मादाम." काही नाही म्हणे! काही नाही तर पोर भिंतीवर कपाळ का घासते? मोठी झाली की जाईल म्हणाला. वर हसला. त्याच्या पोरीचं दुखू दे एकदा, मग बघते कसा हसतो.

असं लिहू नये. पण लिहिलं. बाबांनी बैठकीच्या मराठी शाळेत बसवून अक्षरं शिकवली ती कशाला मग?

१८ जुलै

गोळ्या संपल्या. डोकं तसंच.

२१ जुलै

आज मिरच्या जाळल्या. सासूबाई होत्या तेव्हा त्याच करायच्या, मी फक्त निखारे आणून द्यायची. मीठ-मोहरी पोरीवरून उतरवायची, मग एकेक माणसाचं नाव घ्यायचं आणि एकेक सुकी मिरची निखाऱ्यावर टाकायची. ठसका लागला तर ते माणूस निर्दोष. ठसका नाही लागला तर नजर त्याचीच.

शेजारच्या गंगाचं नाव घेतलं — खोकून खोकून जीव गेला. दुकानदाराच्या बायकोचं घेतलं — डोळ्यांतून पाणी. तिसरं, चौथं, सगळ्यांचा ठसका. शेवटी कुंती म्हटलं.

काही नाही! मिरची नुसती काळी पडली. वास नाही, धूर नाही.

ह्यांना सांगितलं. हे उसाच्या लॉरीवरून थकून आलेले. म्हणाले, "अगो, शेवटची होती ना? निखारा विझत आला असेल." भावजयीचं नाव आलं की ह्यांची जीभ लगेच मऊ होते.

२२ जुलै

झोप नाही. सगळं जुळतंय. सत्यदेव भाऊजी गेले तेव्हापासून ती अशीच दारादारांत उभी असते. मूल नाही, बाळ नाही. माझ्या पोरीची वेणी ती घालणार, घास ती भरवणार, डोकं दुखलं की कपाळ ती दाबणार. मी म्हणायचे, बिचारी! गोगलगाय नि पोटात पाय. मीच घरात घेऊन बसले.

आता बघ म्हणावं.

२६ जुलै

आजपासून वेणी मी घालते. पोर रडली — "काकी दुखवत नाही, तू ओढतेस." म्हटलं, ओढू दे.

कुंती नळावर म्हणाली, "गो बसंती, पोरीला उन्हातून आणतेस ती डोकं झाकून आण. आणि उपाशी नको ठेवूस." मला शिकवते! वांझेनं मला पोर वाढवायला शिकवावं! हे तिच्या तोंडावर म्हटलं. तिची घागर भरून वाहत होती, तरी नळ बंद करायचं तिला सुचेना.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? फार बरं वाटलं.

९ ऑगस्ट

दुखणं चालूच. आज सबंध दुपार. कुंतीला खोलीत येऊ दिलं नाही. बाहेरून पोरीला हाका मारत होती. मी दाराला पाठ लावून बसले. आत पोर "काकी, काकी" करत होती आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. नऊ महिने पोटात मी वाहिली!

३० ऑगस्ट

काल गणपती बसले. सगळा गाव आमच्याकडे आरतीला. कुंतीनं पहाटे उठून मोदक केले, पाकळ्या काय सुरेख — बायका वाखाणत होत्या. ती ताट घेऊन पुढे आली. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "जिची नजर वाईट तिनं प्रसादाला हात लावू नये."

टाळ थांबले. कोणी कोणाकडे बघेना. कुंतीनं ताट खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि मागच्या दारानं गेली. थांबेल कशी? खरं होतं ना!

हे काल रात्री जेवले नाहीत. नका जेवू. मी दोघांचं जेवले.

२ सप्टेंबर

गणपती नदीला पोचवून आलो. मोदक तसेच पडले होते, गाईला घातले.

५ सप्टेंबर

गेली! तिचा भाऊ कृष्णदेव पेती राफ्रेहून न्यायला आला. पत्र्याची पेटी आणि एक बोचकं. चौदा वर्षं संसार केला त्या घरातून एवढंच निघालं. मी अंगणात उभी राहून बघितलं. आत गेले नाही मुद्दाम. तिनं बघावं की मी बघतेय.

चंद्रिका तिच्या कमरेला मिठी मारून बसली. सोडवताना मला चावली. कुंतीनं तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "पोरीला सांभाळ." मी म्हटलं, "आता सांभाळायची गरज नाही, इडापिडा निघाली."

बस वळणावरून दिसेनाशी झाली. पोर विचारत होती, "काकी का गेली?" मी सांगितलं — तुझं डोकं दुखायचं ना, म्हणून गेली. आता नाही दुखणार.

९ सप्टेंबर

दुखलं नाही.

१६ सप्टेंबर

नाही! ह्यांना दहादा ऐकवलं. विझलेला निखारा म्हणे!

२४ सप्टेंबर

अजून नाही. गंगाला बोलावून सांगितलं, नळावरच्या बायकांना सांगितलं. कळू दे सगळ्यांना. पेती राफ्रेलाही कळू दे, तिथल्या पोरांना जपा म्हणावं.

पोर किती शहाणी झालीय! हट्ट नाही, रडणं नाही. विचारलं की लगेच म्हणते, "नाही दुखत, आई." जेवण मात्र थोडं कमी. डिसेंबरचा उन्हाळा जवळ येतोय.

३ ऑक्टोबर

कुंतीनं बसवाल्याबरोबर तेलाची बाटली पाठवली. कसली कसली पाळंमुळं घालून उकळलेलं. निरोप — "पोरीच्या कपाळाला लाव." अजून हात लांब करतेय! बाटली उसाच्या बांधावर नेली आणि बूच काढून उलटी केली. थेंब न् थेंब निथळू दिला. आता तेलाची काय गरज?

हे म्हणाले, "एकदा वहिनीला भेटून येऊ या का?" मी म्हटलं, तुम्ही जा, पण मग परत येऊ नका. दाराआड चंद्रिका उभी होती. माझ्याकडे बघून हळूच निघून गेली.

१० ऑक्टोबर

अजूनही नाही. एक महिना उलटून गेला. मी जिंकले.

१७ ऑक्टोबर

भांडी घासायला मागे गेले. पाण्याच्या पिंपाला कपाळ टेकून चंद्रिका उभी. डोळे मिटलेले, पदरासारखं फ्रॉकचं टोक दातांत धरलेलं. बाजूला ओकलेलं, वर माती लोटलेली.

"दुखतंय?"

मान हलवली. नाही. जवळ ओढली तर कपाळाची शीर ताडताड उडत होती.

"केव्हापासून, बाय?"

"रोजच."

"अगो, मग मला सांगायचं नाहीस?"

तर म्हणाली, "सांगितलं तर आता बाबांना पाठवशील."