कुलूपबंद ओपन स्पेस आणि ओलं आळं

मंगळवार, संध्याकाळ

कॉलनीतल्या मोकळ्या जागेचं नाव ओपन स्पेस, आणि आठवडाभर गेटला कुलूप! मी कॉलेज सोडल्यापासून वर्गातली रुबीना दिसायची ती इथल्याच बाकावर. डोकं फिरलं, कुलूप फोडायला दगडच उचलला. पण जाळीलगतच्या कडुनिंबाच्या रोपाचं आळं ओलं दिसलं. आमच्या कॉलनीत नळाच्या पाण्यावरून भांडणं होतात, मग इथं पाणी कोण घालतं? आळं ओलं कसं?

तेवढ्यात रुबीनाच आली. क्लासवरून येताना बाटलीत उरलेलं पाणी तिनं जाळीतून आळ्यात ओतलं.

"पत्थर कायकू, हिरो?"

"कुलूप फोडतो. तू आत बसशील."

"फोड! शेळ्या घुसून रोप खातील. मग मी इथं कशाला येऊ?"

दगड टाकला. म्हणजे कुलूप असूनही ती रोज येते? नुसती रोपासाठीच? उद्या मीपण बाटली भरून नेतो.