व्हॉल्व्ह क्रमांक तीनवरील बाणाची दिशा

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग,
मुख्य जलकुंभ आवार.

विषय : व्हॉल्व्ह क्र. ३ वर रंगवलेला बाण शनिवारच्या सत्कार समारंभापूर्वी पुसून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे चार अर्ज. २) आपल्या कार्यालयाचे एक उत्तर.

महोदय,

मुख्य जलकुंभाखालील व्हॉल्व्ह क्र. ३ च्या चाकावर तांबड्या ऑइलपेंटने एक बाण काढलेला आहे. त्याची लांबी एकवीस सेंटिमीटर असून टोक उजवीकडे आहे. टोकापाशी 'बंद' असा शब्द आहे. रंगाचे दोन हात दिलेले आहेत आणि काम स्वच्छ आहे. फक्त त्या दिशेने चाक फिरवल्यास हा व्हॉल्व्ह उघडतो.

मी आपल्याच विभागाच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत तेवीस वर्षे रसायनतज्ज्ञ आहे. सध्या गाजत असलेला युद्धपट ज्यांच्या शौर्यावर काढला आहे, ते माझे वडील. या विषयात माझा दोन्ही बाजूंनी संबंध येतो, हे आधीच नमूद करते.

१. आवारातील इतर सर्व व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात. क्र. ३ चे आटे उलटे आहेत. तो डावीकडे बेचाळीस फेऱ्यांत बंद होतो. पूर्ण उघडला काय किंवा पूर्ण बंद झाला काय, शेवटी चाक सारखेच अडते. हाताला फरक कळत नाही. नव्या व्हॉल्व्हमनला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगतात. चित्रपटात ती सांगितलेली नाही.

२. चित्रपटात दाखवले आहे ते असे. एकोणपन्नास वर्षांपूर्वी, युद्धाच्या सहाव्या दिवशी सकाळी, तोफगोळा पडून इस्पितळाकडे जाणारी जलवाहिनी फुटते. क्र. ३ ज्यांच्या ताब्यात होता ते मिस्त्री तो उघडाच टाकून पळतात. मग गाळणीघरातील एक तरुण कामगार, म्हणजे माझे वडील, धावत येऊन चाक उजवीकडे बेचाळीस वेळा फिरवतात आणि अर्धी टाकी वाचते. त्या वेळच्या चौकशी अहवालातही हीच हकिकत आहे, फक्त त्यात टाकी वाचत नाही. इस्पितळ दोन दिवस कोरडे राहिले, मिस्त्रींची नोकरी गेली आणि वडिलांना पदक मिळाले. मिस्त्री शेवटपर्यंत म्हणत राहिले, "मी बंद करूनच फुटलेल्या जागी गेलो होतो." ते अकरा वर्षांपूर्वी वारले.

मिस्त्री पळतात त्या प्रसंगाला प्रेक्षक शिट्ट्या मारतात. चाक फिरू लागले की सारे थिएटर मोठ्याने फेरे मोजते. मी तीन खेळांना हजर होते. बेचाळीस हा आकडा तिन्ही वेळा बरोबर आला.

३. चित्रपट लागल्यापासून दर रविवारी लोक व्हॉल्व्ह पाहायला येतात. त्यांच्या सोयीसाठी आपण बाण काढला व फोटोसाठी चौथरा बांधला. प्रत्येक जण बाणाच्या दिशेने साधारण पाव फेरा फिरवतो. माझ्या मोजणीप्रमाणे चव्वेचाळिसाव्या फोटोनंतर खालच्या गल्लीतून जाणाऱ्या, इस्पितळाच्या जुन्या व आता वापरात नसलेल्या वाहिनीत पाणी शिरते. ती वाहिनी एका घराच्या मोरीखाली फुटलेली आहे. त्या घरात मिस्त्रींची मुलगी शिवणकाम करून राहते. गल्लीत तिला आता 'पळपुट्याची लेक' म्हणतात. पाण्याचा नमुना घ्यायला मी गेले, तेव्हा ती शिलाई मशीन पलंगावर चढवत होती. मला म्हणाली, "ताई, तुमच्या बाबांचं शौर्य दर रविवारी माझ्या स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत येतं. त्यांना म्हणावं, एकदा स्वतः येऊन पुसून जा."

नमुना पिण्यायोग्य होता.

४. सोमवारी सकाळी आपले व्हॉल्व्हमन चाक डावीकडे फिरवून व्हॉल्व्ह बंद करतात. मागच्या महिन्यात सहलीला आलेल्या मंडळींनी त्यांना घेरले. "सिनेमा बघितलास का? उलटा काय फिरवतोस?" ते म्हणाले, "बघितला की साहेब. पण व्हॉल्व्हनं नाही ना बघितला." या उत्तराबद्दल त्यांना आपल्या सहीची कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे. त्यात 'इतिहासाशी विसंगत वर्तन' असे शब्द आहेत. ते तेव्हापासून रजेवर आहेत आणि सोमवारचे काम मी करते. ते माझ्या कामांच्या यादीत नाही.

५. आपल्या उत्तरात आपण कळवले की, बाण बदलल्यास प्रेक्षकांच्या भावना दुखावतील. त्याऐवजी व्हॉल्व्हचे आटे बदलून ते चित्रपटाप्रमाणे करण्याचा प्रस्ताव वर पाठवला आहे. प्रस्ताव तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. मात्र शनिवारी प्रमुख पाहुणे माझ्या वडिलांच्या हातावर हात ठेवून चाक पूर्ण बेचाळीस फेरे फिरवणार आहेत. एवढ्याने पाणी घोट्यावर थांबणार नाही.

६. चित्रपटातील चूक कागदोपत्री सिद्ध करावी म्हणून मी दोन गोष्टी केल्या.

पहिली, दिग्दर्शकांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर सभ्य आहे : "दिशा आम्ही मनाने ठरवलेली नाही. आपल्या वडिलांना विचारलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून हवेत हात फिरवून दाखवला. उजवीकडे. बेचाळीस वेळा. आमच्या युनिटमधल्या बायकांना रडू आलं."

दुसरी, प्रयोगशाळेच्या माळ्यावरून त्या दिवसाची पातळी नोंदवही काढली. चौकीदार दर पाव तासाला टाकीची पातळी लिहीत असे. साडेसहाला ४.१० मीटर. पावणेसातला ३.९५. सातला ३.९५. सव्वासातला ३.९५. वडिलांनी चाक फिरवले ती वेळ अहवालाप्रमाणे सात वीस. साडेसातला ३.८५. त्यापुढे प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा कमी आहे. दुपारी बाराला शून्य.

व्हॉल्व्ह उघडा असता, तर चाक उजवीकडे एक फेराही फिरले नसते. उजवीकडे बेचाळीस फेरे फक्त पूर्ण बंद असलेला व्हॉल्व्हच घेतो. या नोंदी मी येथे उतरवल्या. निष्कर्ष लिहिला नाही.

७. येथपर्यंतचा मजकूर रविवारचा आहे. आज मंगळवार. प्रयोगशाळेत झालेली नोंद कोणी खरवडून काढत नाही. तशीच ठेवून तिच्यापुढे बरोबर नोंद लिहितात. म्हणून वरचा एकही शब्द मी बदललेला नाही.

साक्षीदार म्हणून वडिलांची सही हवी होती. काल चहानंतर मी त्यांना हा अर्ज वाचून दाखवला. मुद्दा १ ते ५ ऐकताना ते समारंभाच्या कोटाचे बटण लावून पाहत होते. व्हॉल्व्हमनच्या उत्तराला हसलेसुद्धा. सहाव्या मुद्द्यातील आकडे त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. मी वाचले. "सव्वासातला किती?" त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी बटण सोडवले.

"सिनेमात बरोबर दाखवलंय, माई," ते म्हणाले. "मी उजवीकडेच फिरवला. गाळणीघरातले सगळे तसेच बंद व्हायचे. चाक अडलं, मला वाटलं झालं. दुपारी टाकीवर चढलो तेव्हा तळ दिसला. मग खाली येऊन गुपचूप उलटा फिरवून ठेवला. चौकशीत साहेबांनी विचारलं, तू आलास तेव्हा उघडा होता? मी मान हलवली. नुसती मान."

मी विचारले, मिस्त्रींना हे ठाऊक होते का. ते म्हणाले, "त्याला कळलं होतं. रस्त्यात भेटला की माझ्या हातांकडे बघायचा. तोंडाकडे नाही."

सबब, ऐतिहासिक अचूकतेबाबतचा माझा आक्षेप मी मागे घेत आहे. चाकाच्या दिशेपुरता चित्रपट अचूक आहे. चूक मिस्त्रींच्या प्रसंगात आहे. विनंती आता इतकीच : बाण राहू द्यावा, त्यापुढील 'बंद' हा शब्द पुसून 'उघडा' असा लिहावा, व्हॉल्व्हमनची नोटीस मागे घ्यावी, आणि शनिवारी पहिल्या रांगेत मिस्त्रींच्या मुलीसाठी एक खुर्ची राखून ठेवावी. निमंत्रण द्यायला वडील आज सकाळी स्वतः गेले. सोबत फडके आणि बादली घेऊन गेले. ती काय म्हणाली, ते त्यांनी मला सांगितलेले नाही.

समारंभ रद्द करायचा का, असे मी त्यांना विचारले होते. चपला घालता घालता ते म्हणाले, आणि त्यांच्याच सांगण्यावरून त्यांचे शब्द येथे जसेच्या तसे लिहीत आहे :

"रद्द कशाला? माइक चालू ठेवायला सांग. मिस्त्रीनं बंद केला होता, मी उघडला, हे मला सगळ्यांसमोर सांगायचंय."

कळावे, आणि माइकची व्यवस्था व्हावी.

आपली विश्वासू,
(सही)
रसायनतज्ज्ञ, पाणी तपासणी प्रयोगशाळा
मंगळवार, दि. ९

सोबत :
१) पातळी नोंदवहीतील पानाची प्रत.
२) दिग्दर्शकांचे पत्र.
३) पदक, मूळ. प्रत काढता येत नाही.