बत्तीस फाइली बेपत्ता

सोमवार, ३ मार्च
टीम लीडची जागा रिकामी झाली. शुक्रवारी साहेब नाव जाहीर करणार. माझ्याशिवाय आहेच कोण? बायकोला सांगून टाकलं. ती म्हणाली, आधी होऊ दे. तिचा माझ्यावर विश्वासच नाही.

आमचं सॉफ्टवेअर लोकांचं शुद्धलेखन तपासतं. आज कुठल्या टेस्टला कुठली फाइल लागते ती यादी उघडली, तर फाइलींची नावंच अशुद्ध! 'परिक्षा', 'आशिर्वाद', 'उर्जा'. डोकंच फिरलं. यादीतली बत्तीस नावं सुधारली. कुणी सांगितलं नव्हतं. याला पुढाकार म्हणतात.

मंगळवार, सकाळी ९.४०
टेस्ट बंद. यादीतल्या बत्तीस फाइली सापडत नाहीत म्हणे. कुणीतरी उडवल्या! साहेबांना म्हटलं, माझ्यावर सोडा, चोर पकडून देतो. बत्तीस हा आकडा कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतोय.

बुधवार
हरवलेल्या फाइली शोधणारी स्क्रिप्ट लिहायला घेतली. दोन तासांचं काम.

बुधवार, संध्याकाळी ५.३०
स्क्रिप्ट एकदाची चालली. उत्तर: बत्तीस फाइली नाहीत. हे कालच माहीत होतं.

शेजारच्या टेबलावरची टेस्टर म्हणाली, फोल्डर उघडून बघा, तिथेच आहेत की. बघितलं. तिथे 'परिक्षा' होती. मला हवी 'परीक्षा'. ही वेगळी फाइल आहे, असं तिला नीट समजावलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. शिकेल हळूहळू.

गुरुवार
सगळ्यांना मेल टाकला. हे ज्याने केलं त्याची गय केली जाणार नाही. मेलमध्ये ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही.

टेस्टर म्हणाली, यादी शेवटची कुणी बदलली याची नोंद असते, ती बघा. एकट्याने. कल्पना बरी आहे, पण एकट्याने का? उद्या मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावरच उघडतो. साहेबांनाही कळू दे लीड कसा असतो.

शुक्रवार
उघडली. माझंच नाव. बत्तीसही फाइलींपुढे.

कुणी हसलं नाही, त्याचा जास्त त्रास झाला. साहेब म्हणाले, ती नावं मुद्दाम चुकीची ठेवली होती, नावातली चूक आपलं सॉफ्टवेअर पकडतं का तेच तपासायचं होतं. हे आधी सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, यादीच्या पहिल्या ओळीतच लिहिलंय. त्या ओळीत मी फक्त स्वल्पविराम दुरुस्त केला होता.

शेजारची टेस्टर लीड झाली. तिने मला पहिलं काम दिलं: बत्तीस नावं पुन्हा अशुद्ध करा. केली. तिने तपासली. म्हणाली, तीन चुका चुकल्यात.

घरी बायकोला सांगितलं, नवी लीड माझ्या कामावर जातीनं लक्ष ठेवते. ती म्हणाली, म्हणजे तू झाला नाहीस.

जेवलो नाही.