गोळी विरुद्ध पेटिग्रू

सोमवार, ९ फेब्रुवारी
ब्लडप्रेशर एकशे अडुसष्ट. डॉ. लुओंगचं मशीन बिघडलेलं असणार. तिला म्हटलं, सत्तावीस वर्षं मी वारांबी क्लबचा अंपायर आहे. बावीस तापट शेतकऱ्यांचं प्रेशर ताब्यात ठेवतो, स्वतःचं ठेवता येणार नाही? ती म्हणाली, "मिस्टर पेटिग्रू, ही गोळी रोज सकाळी. लघवी जास्त होईल. त्रास झाला तर लगेच सांगा." त्रास आणि मला! चहाच्या सुट्टीखेरीज आजवर मैदान सोडलेलं नाही.

मंगळवार, १०
७.१० गोळी. ७.५५ गेलो. ८.२० गेलो. ८.४५ गेलो, धार बारीक, वेळ फार. (हे जुनंच आहे. खाजगी बाब. डॉक्टरला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.) ९.०५ पुन्हा. ग्लेंडाने बाहेरून विचारलं, "तुझा नाश्ता तिथेच आणून देऊ का?" बत्तीस वर्षांचा संसार, आणि ही भाषा.

शनिवार, १४
सहावी ओव्हर. संडास पॅव्हिलियनच्या मागे, एकशे दहा पावलं. चालत गेलो. धावलो नाही. परत आलो तर फिल्डर गवतावर लोळत पडलेले. अकराव्या ओव्हरला पुन्हा निघालो, तेव्हा स्लिपमधला एक शहाणा म्हणाला, "अंपायर, येताना आमच्यासाठी थंड काहीतरी आणा!"
ठराव: शनिवारी गोळी नाही.

मंगळवार, १७
बुटाची नाडी बांधून उठलो, डोळ्यांपुढे अंधारी. दोष अर्थातच गोळीचा. ठराव सुधारला: कुठल्याच वारी गोळी नाही. ग्लेंडाची पाठ वळली की गोळी जिरेनियमच्या कुंडीत. डॉक्टरला कळवायची गरज नाही. शरीर माझं आहे.

रविवार, १ मार्च
बारा दिवस गोळीशिवाय. तब्येत झकास. डोकं सकाळी जरा ठणकतं, ते उन्हाने. जिरेनियमही टवटवीत.

रविवार, ८
शनिवारच्या फायनलला मी उभा राहणार! गोळी नसली तरी चाळीस ओव्हरांत हल्ली एखादी फेरी होतेच. बॅरी म्हणाला, "सर्दीच्या गोळ्या घे. नाक सुकतं, तसं खालचंही सुकेल." बॅरी मेंढ्यांची औषधं विकतो, म्हणजे जाणकार माणूस.

शनिवार, १४. फायनल
१२.४५ सर्दीच्या दोन गोळ्या. खबरदारी म्हणून आणखी एक.
३.३० चहा. अजून एक थेंब नाही! विज्ञानावर मात.
३.५० म्हटलं, आता जाऊन यावं. उभा राहिलो. काही नाही. नळ सोडून पाहिला. काही नाही.
४.५० ओटीपोट दगडासारखं. मैदान सोडणार नाही.

सोमवार, १६. हॉस्पिटल
एकतिसाव्या ओव्हरला कळ अशी आली की डोळ्यांपुढे काही दिसेना. मदतीसाठी हात वर केला. नेमकं तेव्हाच बॉलर अपील करत होता. बॅट्समन मला शिव्या घालत निघाला. मी आडवा झालो.
नळी घातली. अकराशे मिली लघवी निघाली. प्रेशर एकशे शहाण्णव.
माझ्या जागी दुसऱ्या टोकाच्या अंपायरने, कॉलिनने, एका प्रेक्षकाला उभं केलं. "तो बॅट्समन नाबाद होता," ग्लेंडा म्हणाली. "त्यांनी परत बोलावला." एकही टोमणा मारला नाही. याचीच जास्त भीती वाटली.
डॉ. लुओंग आली. म्हणाली, प्रोस्टेट वाढलेली असताना सर्दीच्या गोळीने लघवी अडते, आणि प्रेशरही चढतं. मी म्हणालो, मुळात तुमचीच गोळी वाईट. ती म्हणाली, "मग सांगायचं होतंत. लघवी न वाढवणारी दुसरी गोळी आहे. चिठ्ठी लिहायला दोन मिनिटं लागली असती."


बुधवार, १८
सकाळी नळी काढली. नर्स म्हणाली, आपणहून झाली तर घरी, नाही तर पुन्हा नळी. हातात मापाचं भांडं दिलं. दार लोटलं. पाच मिनिटं. दहा. बाहेर ग्लेंडाच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या.
मग झाली. दोनशे ऐंशी.
"झाली!" मी ओरडलो. बाहेर पाहतो तर ग्लेंडा भिंतीला टेकून रडत होती. सगळ्या वॉर्डासमोर.
नवी गोळी तिच्या हातून घेतली. मुकाट्याने.