अध्यक्षांचा टोप

१४ जानेवारी १८६१

घोड्याच्या केसांचा टोप! इथला जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा – बाहेर मेंढ्या सावलीला जीभ काढून पडल्यात आणि वसाहतीच्या विधानसभेचा अध्यक्ष, म्हणजे अस्मादिक, परप्राण्याचे केस मस्तकी धारण करून अध्यक्षासनावर विराजमान. कानही झाकले जातात – अर्धी भाषणं टोपातच मुरतात. हेस्टर म्हणते, “अहो अध्यक्षमहाराज, डोक्यात नसलं तरी डोक्यावर काहीतरी आहे ना!” अशी पत्नी.

१६ जानेवारी

लहान शेतकऱ्यांच्या बाजूचा सभासद टुलक येऊन गेला. एका जहाजातून आलो आम्ही, वीस वर्षं झाली. उद्या सभागृहात त्याचं ओढ्याचं कलम मताला. बड्या मेंढीवाल्यांनी दोन्ही काठांना कुंपण घातलंय. लहान शेतकऱ्यांच्या गुरांना पाण्याला वाट हवी. यंदा पाऊस नाही. “आमची माणसं ओरडून छप्पर उडवतील बघ. तू फक्त कान देऊन बस!”

१७ जानेवारी

आमची रीत अशी – आधी ‘होय’वाले ओरडतात, मग ‘नाही’वाले. आवाज कुणाचा मोठा ते अध्यक्षाने कानाने ठरवायचं. कुणी तिथल्या तिथे हरकत घेतली तरच डोकी मोजायची.

ओढ्याच्या कलमावर दोन्ही बाजू ओरडल्या. मला ‘नाही’चा आवाज मोठा वाटला. निकाल दिला, “नाही.”

टुलकने माझ्याकडे पाहिलं. हरकत घेतली नाही. कलम पडलं – आता पुढच्या अधिवेशनापर्यंत ते आणता येत नाही.

१८ जानेवारी

मेंढीवाल्यांचा पुढारी क्रॅडॉक हात हलवून हलवून दुखवून गेला. “जिवलग मित्राविरुद्ध निकाल! निःपक्षपात म्हणतात तो हा. आणि गंमत सांगू? आमचे निम्मे लोक तर जेवायला गेले होते!”

मी हसलो. टोपाला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

१९ जानेवारी

टुलकला विचारलं, हरकत का नाही घेतलीस?

“तू म्हणालास म्हणजे तसंच असणार. आमचेच लेकाचे बडबडे ऐन वेळी दबले. चांगलं झापलंय सगळ्यांना.”

त्याच्या शेजाऱ्याच्या दोन गाई काल कुंपणापाशीच मेल्या.

२० जानेवारी, रविवार

सकाळी पडवीत चहा. हेस्टर म्हणाली, “काय सुरेख गातोय हो मॅगपाय!” तो काळापांढरा पक्षी समोर निलगिरीवरच बसला होता. चोच उघडी, गळा हलतोय.

मी म्हणालो, “फारच सुरेख.”

टोप आत खुंटीवर होता. मला ऐकू येत नाही. आणि टुलक अजून आपल्याच माणसांना बोल लावतोय. त्याला सांगायची भीती वाटते.