बिनआवाजाची मालिका

८ सप्टेंबर, सोमवार

…त्या दिवशीही पाणी भरलं, सासूबाईंचं अंग पुसलं, ह्यांचा डबा बांधला. कालच्यासारखीच सकाळ. हे इस्त्रीच्या दुकानात गेले आणि तिथेच, हातातला शर्ट अर्धा ठेवून, गेले. ह्यांना जाऊन चार वर्षं होतील.

आज ती सकाळ आठवायचं कारण शाळेतल्या नव्या बाई. शाळेच्या वाचनालयात मी चिकटवलेली फाटकी पुस्तकं पोचवायला नववीच्या वर्गात गेले, तर भिंतीवरच्या पडद्यावर आमची मालिका, मी नि हे रोज टीव्हीवर बघायचो ती! तीच खोली, तोच पांढऱ्या शर्टातला माणूस, तीच बाई. आणि आवाज बंद. क्षणभर वाटलं, आता हे बोलायला लागतील.

बाई मुलांना सांगत होत्या, “ही दोघं काय बोलत असतील ते लिहा. मग धडा उघडू. धड्यातला बापही गप्पच आहे.”

पुस्तकं ठेवून लगेच निघायला हवं होतं. दाराशी उभी राहिले.

९ सप्टेंबर, मंगळवार

तो धडा आज नीट वाचला. फाटला म्हणून कितीदा चिकटवलाय, पण असा वाचला नव्हता. बाप पहाटे कामाला परगावी निघतो. पोरगी झोपलेली. ‘त्याने दार हळूच ओढून घेतलं’ — एवढंच. आजवर मी हे वाक्य ओलांडून पुढे जायचे. आज थांबले. हळूच का? ती जागी होईल म्हणून, की ती जागी झाली तर ह्याचाच पाय निघणार नाही म्हणून?

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन दुकानात कपडे गुंडाळायला येणाऱ्या वर्तमानपत्रांवर झालं. असं कुणी थांबवलंच नव्हतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

बाईंनी विचारलं, “मावशी, तुम्ही ही मालिका बघायचात का? मुलांना सांगा ना गोष्ट.”

सांगितली. हा नवरा, ही त्याची बायको. नवरा भित्रा, पण मनाने चांगला. बायको तोंडाळ. सगळा वर्ग हसायला लागला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मावशी, तो भाऊ आहे तिचा!”

कान तापले. मग खरं ते सांगावं लागलं. घर एका खोलीचं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, जराशा आवाजाने दचकून उठायच्या. म्हणून टीव्हीचा आवाज बंद, आणि दोघांचीही वाक्यं हे माझ्या कानाशी कुजबुजायचे. बाईचा आवाज काढताना मान अशी वेळावायचे की मी तोंडात पदर कोंबायचे.

आता कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, “सोमवारी तोच प्रसंग लावते. आधी तुमच्या यजमानांची वाक्यं तुम्ही सांगा, मग आवाज लावू. मुलांना दोन्ही ऐकू देत.”

मी म्हटलं, “माझं सांगेन. आवाज लावलात की मी बाहेर जाईन.”

मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाताना म्हणाले, “काय बाई, परीक्षेला मुलांनी रिमोट आणायचा का?”

बाई म्हणाल्या, “आणू द्या सर. निदान कुठे थांबायचं ते तरी कळेल.”

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ह्यांचा फोटो आहे. शर्ट आहेत. आवाज कुठेच नाही. आहे तो त्या पांढऱ्या शर्टवाल्याच्या तोंडात. एकदा त्याचा खरा आवाज कानावर पडला की ह्यांचा पुसला जाईल. मग कुठे शोधू?

पण तो खरा काय बोलतो, हेही आता डोक्यातून जात नाही. दिवसभर तेच. डिंक भलत्याच पानाला लावला.

त्या प्रसंगात तो दाराशी जातो, थबकतो, वळून बघतो आणि काहीतरी बोलतो. हे तेव्हा म्हणाले होते, “जातो खरा, पण लक्ष सगळं इकडेच असतं.” एरवी मला ‘जेवलीस का’च्या पलीकडे कधी काही विचारलं नाही ह्या माणसाने. हे वाक्य मी वर्गात सांगितलं नाही. सांगणारही नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

लेक आली होती. भांडी पुसता पुसता तिला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती फडकं हातात धरून उभीच राहिली.

“आई, बाबांना माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“ती भाऊ-बहीण आहेत ते. दुपारी तीच मालिका पुन्हा दाखवायचे ना, ती दुकानात आवाजासकट चालू असायची. मी शाळेतून तिथेच जायचे की. पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं त्यांना.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“मी विचारलं होतं. म्हणाले, भाऊ-बहीण रोज रोज काय बोलणार? तुझ्या आईला कंटाळा येईल. आणि मला दम दिला, तिला सांगायचं नाही म्हणून.”

मी खुर्चीत बसले. लेक म्हणाली, “उद्या नको जाऊस. मी बाईंना फोन करते.”

मी म्हटलं, “थांब जरा.”

म्हणजे त्या दोघांचं नातं ओळखू आलं नाही म्हणून हे सुचेल ते बोलत नव्हते. ठरवून बोलत होते, रोज. त्यातलं मालिकेचं किती आणि ह्यांचं किती?

१५ सप्टेंबर, सोमवार

पहिल्या बाकावर बसले. बाईंना म्हटलं, आधी आवाज लावा. तो दाराशी थबकला, वळला आणि म्हणाला, “छत्री राहिली.” मग मी उभी राहिले आणि ह्यांचं ते न सांगायचं ठरवलेलं वाक्य मुलांना सांगितलं.